लक्षणांची यादी आणि माणसाची गोष्ट

तीस-चाळीस सेकंदांचं रील असतं. मागे संथ पियानो, समोर कुणीतरी खिडकीबाहेर बघत बसलेलं, आणि पडद्यावर एकेक ओळ उमटत जाते. रात्री झोप येत नाही. सकाळी उठवत नाही. मेसेज दिसतो, पण उत्तर द्यायचं राहून जातं. चार माणसांत असूनही एकटं वाटतं. शेवटी प्रश्न येतो, ‘तुमचंही असंच होतं का?’ आणि त्याखाली एक नाव. कधी डिप्रेशन, कधी अँक्झायटी, कधी एडीएचडी. तुम्ही हे पाहिलेलं आहे. बहुतेक याच आठवड्यात.

अशा रीलकडे आपण माहिती म्हणून बघतो. मला इथे त्याच्याकडे लेखन म्हणून बघायचंय. त्याला ठरलेला साचा आहे, ठरलेला निवेदक आहे आणि ठरलेला शेवट आहे. आपल्या वयाच्या मुलामुलींना मनाच्या आजाराची पहिली ओळख आता पुष्कळदा याच साच्यातून होते, आणि काहीजण तिथेच स्वतःचं निदानही करून टाकतात. मग एखाद्या कथेची किंवा चित्रपटाची समीक्षा करतो तशी याची का करू नये? सोबतीला दोन मराठी चित्रपट घेतो. ‘देवराई’ (२००४) आणि ‘कासव’. दोन्ही सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे, दोन्ही मनाच्या आजाराबद्दलचे आणि दोन्हींत कोकण आहे. ‘कासव’ला २०१७ साली जाहीर झालेल्या ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं होतं.

मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाव कसाल. पण अटी वाचणं हे माझं रोजचं काम आहे, आणि निदान हा बराचसा अटींचाच मामला असतो.

‘तुम्ही’ नावाचं पात्र

रीलमध्ये एकच पात्र असतं, ते म्हणजे ‘तुम्ही’. त्याला वय नाही, गाव नाही, घरात कोण कोण आहे ते ठाऊक नाही, नोकरी आहे की गेली तेही नाही. पात्र जितकं मोकळं तितकं त्यात शिरणं सोपं. वर्तमानपत्रातलं राशिभविष्य याच युक्तीवर चालतं. ‘जवळच्या व्यक्तीकडून मनस्ताप संभवतो.’ कुणाला होत नाही?

ही युक्ती किती चालते ते बरट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली दाखवून दिलं. त्यानं आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला ‘तुमचा’ म्हणून अहवाल दिला. हा अहवाल तुम्हाला किती लागू पडतो, याला पाचपैकी गुण द्या, असं सांगितलं. सरासरी ४.२६ आली. गंमत अशी की सगळ्यांना दिलेला कागद एकच होता, आणि त्यातली बरीचशी वाक्यं त्यानं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती.

रीलमधली वाक्यं खोटी नसतात. झोप न येणं हे नैराश्याचं लक्षण आहेच. पण ते परीक्षेचंही लक्षण आहे, प्रेमभंगाचं आहे, रात्री दोनपर्यंत फोन बघण्याचं आहे आणि थायरॉइड बिघडल्याचंही असू शकतं. फोररच्या वर्गात कुणाचं नुकसान झालं नाही, कारण त्या कागदाच्या खाली आजाराचं नाव नव्हतं. इथे ते असतं.

त्यात एक यंत्रही काम करत असतं. कुठलं रील तुम्ही शेवटपर्यंत बघितलंत, कुठे थांबलात, काय परत पाहिलंत, यावरून पुढचं काय दाखवायचं ते ठरतं. तुम्ही दुखावलेले आहात म्हणून थांबलात, की नुसती उत्सुकता होती, की मैत्रिणीची काळजी वाटत होती, हे त्या यंत्राला कळत नाही. त्याला सेकंद कळतात. चार दिवसांत तुमची सगळी फीड एकाच आजारानं भरून जाते, आणि मग वाटतं, इतकी माणसं माझ्यासारखीच बोलतायत म्हणजे मला तेच झालंय. प्रत्यक्षात तो एकाच आरशाचा शंभर वेळा काढलेला फोटो असतो.

गाळलेल्या अटी

एडीएचडीचं उदाहरण घेऊ. ‘लक्ष लागत नाही, वस्तू हरवतात, काम अर्धवट राहतं, बोलणं मध्येच तोडलं जातं, स्वस्थ बसवत नाही’ ही यादी आता अनेकांना पाठ असेल. ती हवेतून आलेली नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘डीएसएम-५’ (२०१३) या निदानपुस्तकात अशी लक्षणं दिलेली आहेत. पण त्या पुस्तकात ही यादी म्हणजे पाच अटींतली फक्त पहिली अट आहे. लक्षणं निदान सहा महिने टिकलेली हवीत, हेही त्याच अटीत येतं. पुढच्या चार अशा : काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत. ती एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत, म्हणजे घरी आणि शाळेत, किंवा घरी आणि कामावर. त्यांच्यामुळे जगण्यात, शिक्षणात, कामात खरोखर अडथळा येत असायला हवा. आणि दुसऱ्या एखाद्या आजारानं त्यांचा जास्त चांगला उलगडा होत नसावा.

कोड लिहिणाऱ्याला यातली गोम लगेच दिसेल. या पाच अटी ‘आणि’नं जोडलेल्या आहेत. रील पहिली ठेवतं आणि उरलेल्या चार काढून टाकतं. अट जितकी सैल तितकी माणसं जास्त आत येणार. आणि ज्या अटी गळतात त्या कुठल्या, तेही पाहा. लहानपण, ठिकाण, झालेलं नुकसान, दुसरी शक्यता. म्हणजे ज्या प्रश्नांची उत्तरं द्यायला माणसाची गोष्ट सांगावी लागते, नेमके तेच प्रश्न. काही तर असे आहेत की त्यांचं उत्तर आपल्या एकट्याकडे नसतंच. सहावीत असताना मी वर्गात कसा बसायचो, हे माझ्यापेक्षा आई किंवा बाई जास्त बरं सांगतील.

कॅनडातल्या संशोधकांनी २०२२ साली एडीएचडीवरचे टिकटॉकवरचे सर्वांत लोकप्रिय १०० व्हिडिओ तपासले, तेव्हा त्यातले ५२ दिशाभूल करणारे निघाले. टिकटॉक आपल्याकडे २०२० सालीच बंद झालं. साचा मात्र ॲप बदलून इथेच राहिला.

रीलपेक्षा बऱ्या प्रश्नावल्याही नेटवर मिळतात. ‘पीएचक्यू-९’ ही त्यातली नावाजलेली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर नैराश्याची शक्यता तपासून पाहा, असा तिचा अर्थ. २००१ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा या दहाच्या रेषेवर तिची कामगिरी अशी होती : आजारी असलेल्या १०० जणांतले ८८ ती पकडते, आणि आजारी नसलेल्या १०० जणांतल्या ८८ जणांना बरोबर सोडून देते. ऐकायला उत्तम.

आता साधं गणित करू. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण अंदाजापुरता आकडा घेता येतो. त्या वेळी नैराश्य असलेल्या प्रौढांचं प्रमाण २.७ टक्के आलं. म्हणजे १००० माणसांनी ही प्रश्नावली भरली तर २७ जण आजारी, आणि त्यातले २४ पकडले जातील. उरलेल्या ९७३ निरोगी माणसांतल्या सुमारे ११७ जणांनाही दहाच्या वर गुण येतील. दहाच्या वर गेलेले एकूण १४१ आणि त्यात खरे आजारी २४. सहांत एक. म्हणजे प्रश्नावली वाईट आहे असं नाही. ती चाळणी आहे, आणि चाळणीत वर राहिलेलं निवडायला माणूस लागतो. ती दवाखान्यात, पुढे डॉक्टर बसलेला आहे हे धरूनच बनवली गेली. आपण ती रात्री एक वाजता अंथरुणात भरतो आणि आकड्यालाच निकाल समजतो.

ज्याला स्वतःला कळत नाही

आता ‘देवराई’कडे येऊ. शेष हा आंब्याच्या बागांच्या कोकणात वाढलेला, हुशार, झाडांवर जीव असलेला मुलगा. अतुल कुलकर्णींनी तो केलाय. त्याला स्किझोफ्रेनिया होतो. देवराई, म्हणजे देवासाठी राखलेलं रान, त्याच्या मनात इतकी वाढत जाते की बाहेरचं रान कुठे संपतं आणि आतलं कुठे सुरू होतं ते त्याला उमगेनासं होतं.

शेषला रील दाखवून बघा. ‘तुम्हाला नसलेले आवाज ऐकू येतात का?’ त्याच्यासाठी ते आवाज ‘नसलेले’ नाहीतच. या आजारात अनेकदा आपण आजारी आहोत ही जाणीवच हरपते. ‘तुम्हाला’ म्हणून ज्याला विचारायचं, तो ‘तुम्ही’च आजारात सापडलेला असतो. स्वनिदानाच्या सगळ्या लाटेतली मला सर्वांत गंभीर वाटणारी त्रुटी ही आहे. ती सौम्य त्रास असलेल्यांना आजाराचं नाव देते, आणि ज्यांना उपचारांची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत बऱ्याचदा पोचतच नाही.

‘देवराई’नं हे ओळखलंय, म्हणून शेषइतकीच ती सीनाची, त्याच्या बहिणीची, गोष्ट आहे. सोनाली कुलकर्णींची सीना भावाला आपल्या घरी शहरात आणते, उपचार सुरू करते, आणि मग रोजचं निभावणं येतं. नवऱ्याचा संयम, घरातली ओढाताण, कधी आशा, कधी वैताग. आजार एकाच्या डोक्यात असला तरी दिसतो दोघातिघांच्या मध्ये, हे चित्रपट सांगतो. कुणीतरी बाहेरून बघणारं लागतं. लक्षणांच्या यादीत सीनासाठी ओळच नसते.

कासवाची चाल

‘कासव’मधली जानकी (इरावती हर्षे) स्वतः या वाटेवरून गेलेली आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेला एक तरुण (आलोक राजवाडे) तिच्या वाटेत येतो आणि ती त्याला घरी नेते. समुद्रकिनारा, कासवांच्या संवर्धनाचं काम, ड्रायव्हर यदू, दत्ताभाऊ आणि एक बिनघराचा पोरगा. एवढीच माणसं. दत्ताभाऊ झालेत डॉ. मोहन आगाशे, जे खरोखरचे मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि या चित्रपटाचे एक निर्मातेही.

जानकीला त्या मुलाचं दुखणं ओळखीचं वाटतं. रील बनवणाऱ्यांतही स्वतः सोसलेली माणसं असतात, त्यांनाही दुसऱ्यात आपलं दुखणं दिसतं. मग फरक कुठे पडतो? जानकी ती ओळख त्याच्यावर लादत नाही. ती त्याला जागा देते, जेवण देते, आणि थांबते. तो बोलेपर्यंत चित्रपटही थांबतो. प्रेक्षक म्हणून आपल्याला चुळबुळ होते, आणि ती व्हावी अशीच मांडणी आहे. रीलचा वेग आणि कासवाचा वेग यांतलं अंतर इथे अंगावर येतं. डॉक्टरही पहिल्या भेटीत छातीठोकपणे नाव सांगेलच असं नाही. पुढच्या आठवड्यात या, औषध कसं वाटतंय ते सांगा, रक्त तपासून घ्या, असं चालतं. निदानाला वेळ लागतो, कारण आजारालाही काळ असतो. तो येतो, वाढतो, ओसरतो, रूप बदलतो.

रूप बदलण्याचं उदाहरण इथेच द्यायला हवं, कारण धोका खरा आहे. बायपोलर आजारात उदासीचे काळ असतात आणि अतिउत्साहाचेही. उदासीत सापडलेला माणूस यादी वाचेल तर तिच्यात ‘डिप्रेशन’च सापडेल, आणि अतिउत्साहाचे दिवस त्याला आजार वाटणारच नाहीत. ते तर त्याचे चांगले दिवस! त्यानं कुणाच्या तरी उरलेल्या पाकिटातली नैराश्याची गोळी घेतली, तर ती एकटी गोळी त्याला उन्मादात ढकलू शकते. झोपेच्या गोळ्यांची सवय लागते ती वेगळीच. आणि थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ची कमतरता यांतला थकवा ‘माझं मनच तसं’ म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो, तोही याच यादीचा हिशेब.

‘कासव’बद्दल एक तक्रार मात्र आहे. त्यात कोकण हे औषध आहे. शहरात मोडलेली माणसं इथे येतात, समुद्र बघतात आणि सावरतात. जानकीकडे घर आहे, गाडी आहे, मदतीला माणूस आहे आणि मुख्य म्हणजे वेळ आहे. हे सगळं सुंदर दिसतं. पण समुद्र रोज बघणाऱ्यांनाही नैराश्य येतं. त्यांनी कुठे जायचं? ‘देवराई’त याच प्रश्नाचं उत्तर उलट्या दिशेनं येतं. कोकणातल्या शेषला उपचारांसाठी शहर गाठावं लागतं. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की एक वर्तुळ पुरं होतं, शहरातला माणूस शांततेसाठी इकडे आणि इकडचा डॉक्टरसाठी तिकडे. इथल्या माणसाला इथेच बरं होताना मला अजून पडद्यावर बघायचंय.

तिठ्यावरून

कसाल म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरचा तिठा. इथून एक रस्ता मालवणला वळतो. जिल्ह्याचं मुख्यालय ओरोस आणि तिथलं जिल्हा रुग्णालय इथून जवळच. म्हणजे आम्ही बरेच सुदैवी. तरी इथला एखादा मुलगा मनाच्या डॉक्टरकडे जाण्याआधी रील का बघतो, हे समजायला फार डोकं लागत नाही. एसटीत ओळखीचे असतात. दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या वाडीतलं कुणी भेटतं. ‘तू हय खय?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. फोन काही विचारत नाही.

देशातही चित्र फारसं वेगळं नाही. लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही, ०.७५ इतकं ते प्रमाण आहे. निम्हान्सच्या त्याच सर्वेक्षणात मनोविकार असलेल्यांतले ७० ते ९२ टक्के लोक आजारागणिक उपचारांविना राहिलेले दिसले. हे लक्षात ठेवलं तर स्वनिदान करणाऱ्याला हसणं बरोबर नाही. दार बंद असलं की माणूस खिडकीतून बघतो. आणि नाव मिळाल्याचा दिलासा खोटा नसतो. ‘मी आळशी नाही, मला काहीतरी होतंय’ हे वाक्य उच्चारता येणं ही पहिली पायरी असते. अनेकांना ती रीलनंच दाखवली, हे मान्य करायला हवं.

झटपट नावाची ओढ आमच्याकडे नवीनही नाही. पोरगं गप्प झालं, जेवेना, की ‘बाहेरचा काय तरी लागला’ म्हणायचं. देवळात जायचं, कौल लावायचा. त्या वाटेवर किती माणसांचे उपचार लांबले असतील, त्यामुळे मला तिचे गोडवे गायचे नाहीत. पण गाऱ्हाण्यात एक गोष्ट होती. ते मोठ्यानं सांगितलं जायचं. एकजण घराचं दुखणं देवापुढे मांडायचा आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. दुखणं चार जणांच्या कानावर जायचं. रीलमध्ये नाव तितक्याच झटक्यात मिळतं, पण ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला शेजारी कुणी नसतं. जुन्या पद्धतीतला दोष आपण घेतला आणि तिच्यातला एकमेव गुण टाकून दिला.

यादीचं काय करायचं

मग रील बघूच नये का? बघू नका म्हटल्यानं कुणी थांबत नाही. आमच्या कामात एक शिस्त असते. ‘ॲप चालत नाही’ एवढं लिहून आलेली तक्रार कुणालाच सोडवता येत नाही. कधीपासून, कुठल्या फोनवर, त्याआधी काय बदललं, काय केल्यावर बंद पडतं, हे लिहिलेलं असलं की अर्धं काम होतं. आणि ‘डेटाबेसमध्येच बिघाड आहे’ असं ठासून लिहिलेलं असलं, तर शोधणाराही भलतीकडेच शोधत बसतो. तक्रार लिहिणाऱ्यानं काय झालं ते सांगावं. कशामुळे झालं ते शोधणं दुसऱ्याचं काम.

म्हणून यादीतलं एखादं वाक्य टोचलं तर त्याखालचं नाव बाजूला ठेवा आणि आपली गोष्ट लिहा, कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये. कधीपासून असं होतंय. पूर्वी काय करायचो जे आता होत नाही. झोप, भूक, पाळी, वजन यांत काय बदललं. घरी होतं, कामावर होतं, की दोन्हीकडे. घरात आधी कुणाला असं होतं का. कुठल्या गोळ्या चालू आहेत. अधूनमधून अति छान वाटल्याचे दिवस येतात का. आणि एका माणसाला विचारा की त्याला आपल्यात काय बदल दिसतो. दहा ओळी होतील. त्या दहा ओळी घेऊन गावातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेलात तरी चालेल. तो पुढे कुठे पाठवायचं ते बघेल. ‘मला एडीएचडी आहे, गोळी द्या’ या वाक्यापेक्षा त्या ओळींतून त्याला कितीतरी जास्त कळेल.

तिठ्यावर कुणी बघेल याची भीती असेल, तर १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, तर दहा ओळी लिहीत बसू नका. आधी हा नंबर लावा आणि घरातल्या एकाला उठवा.

पलीकडून आवाज येईल आणि तो विचारेल, काय होतंय, सांगा. रीलमध्ये तुम्हाला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं होतं. इथे तुमच्या शब्दांत सांगायचंय, आणि ऐकायला माणूस आहे.